दादा गेल्यावर आलेली सिस्टर

सिस्टरची गोष्ट सांगायची तर आधी दादाची सांगायला हवी, आणि दादाची सांगत बसलो तर दिवस मावळेल. म्हणून त्याचं थोडक्यात आटपतो. दादा माझा थोरला भाऊ. जन्मभर शिवणकाम केलं. दोघांच्या बायका आधीच गेलेल्या, मुलं लांब, म्हणून म्हातारपणी आम्ही एका छपराखाली राहायला आलो आणि लहानपणासारखे रोज भांडू लागलो. मग त्याच्या पोटात गाठ निघाली. मोठ्या दवाखान्याने हात टेकले. म्हणाले, आता बरं होणं नाही, दुखू नये एवढं पाहू. ते पाहायला एका संस्थेची गाडी घरोघर फिरायची. त्या गाडीतून सिस्टर यायची.

चणीने लहान, चालणं तुरुतुरु, खांद्यावर स्वतःपेक्षा जड बॅग. आत आली की थेट बेसिनवर जाऊन कोपरापर्यंत हात धुवायची आणि तिथूनच ओरडायची, "दादा, रात्र कशी गेली?"

"रात्र गेली, मी राहिलो," दादा म्हणायचा. "कमरेत आणखी दोन इंच कमी झालोय. कापड वाचलं बघा."

"मग उरलेल्यात मला ब्लाउज शिवा."

"फुकट?"

"मी इंजेक्शनं काय विकत देते तुम्हाला?"

असं त्यांचं चालायचं. मी चहा टाकायचा आणि मध्ये बोललो की दोघांनी मिळून मला गप्प करायचं. बोलता बोलता ती दुखण्याचं औषध कधी द्यायची, जखम कधी बांधायची, दादाला पत्ता लागायचा नाही. त्या औषधाची पेटी कुलपातली. चावी तिच्या गळ्यात, दोरीला.

आधी ती ऑपरेशनच्या खोलीत होती. "तिथले पेशंट झोपलेले," ती सांगायची. "मला बोलणारी माणसं हवी होती. मिळाली, आता ऐकून ऐकून कान किटले." नवऱ्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, मुलगी तिसरीत. एकदा हसत हसत म्हणाली, "आजोबा, पोरगी कुशीत आली की माझी बोटं आपोआप तिच्या नाडीवर जातात. तीच म्हणते, आई, मी जिवंत आहे, सोड."

मी विचारलं, तुमचं दुःख ऐकायला कुणी आहे की नाही? "आहे तर! शुक्रवारी दुपारी आमची रडायची वेळ असते. सगळ्यांना गोल बसवतात, एक मॅडम विचारतात, कसं वाटतंय? सगळे म्हणतात, बरं वाटतंय. मी नेमकी तेव्हा कुणाच्या तरी घरी असते." दादा एवढा हसला की टाके दुखले.

तो महिना वाईट होता. तिच्या पेशंटपैकी एकामागून एक पाच माणसं गेली. पाचवा दादा. पहाटे गेला. ती धावत आली, तिनेच त्याचे डोळे मिटले, माझ्याबरोबर त्याचं अंग पुसलं, मिशी विंचरली. घोटभर पाणी प्यायली आणि पुढच्या घरी गेली.

दहाएक दिवसांनी सकाळी बेल वाजली. दारात सिस्टर. मला वाटलं, भेटायला आली पोरगी. बरं वाटलं. म्हटलं, "या, बसा, चहा टाकतो." ती बसली नाही. तुरुतुरु बेसिनवर गेली, हात धुऊ लागली आणि तिथून ओरडली, "दादा, रात्र कशी गेली?"

माझ्या हातातलं भांडं हातातच राहिलं.  ती हात कोरडे करत खोलीत गेली. संस्थेचा पलंग संस्थेने परत नेला होता; त्या जागी दादाचं शिलाई मशीन ओढून ठेवलेलं. मशीनपाशी हातमोजे चढवून ती उभी राहिली. मग भिंतीला टेकून खाली बसली.

"आजोबा, त्यांचे डोळे मीच मिटले ना?"

"तूच मिटलेस, पोरी."

"मग मी इथे कशी आले?"

नेहमीचा ड्रायव्हर रजेवर होता. बदलीचा माणूस ती सांगेल तिकडे गाडी नेणारा. तिने आमचं घर सांगितलं, त्याने आणून सोडलं.

तेवढ्यात फोन वाजला. जिथे जायला हवं होतं त्या घरची मुलगी. खोली लहान, मला सगळं ऐकू आलं. "सिस्टर, कुठे आहात? आईला सोसवत नाहीये हो."

"निघालेच." ती उठली, बॅग खांद्याला लावली, दारापर्यंत गेली. "कुणाला सांगू नका हं आजोबा. चावी काढून घेतील. हे सोडून मला दुसरं काही येत नाही."

मी म्हटलं, "नाही सांगत. पण तिकडे जाऊन तू काय करशील?"

"औषध देईन."

"कुणाचं?"

एवढंच विचारलं. ती उंबऱ्यात थांबली. बॅग खांद्यावरून उतरवली. "आज घर चुकलं," ती म्हणाली. "उद्या मात्रा चुकली तर माणूस जाईल." मग तिने स्वतःच संस्थेतल्या तिच्या वरच्या, मोठ्या सिस्टरना फोन लावला.

"ताई, मी दादांकडे आहे."

"कुठल्या दादांकडे?"

"आपल्या. शिंपीदादांकडे."

"अगं, ते तर..."

"हो. दुसरं कुणी पाठवा. तिकडे बाई तळमळतायत. मला नाही जमत आता."

मोठ्या सिस्टर रिक्षाने आल्या. दारातच हात पुढे केला. हिने गळ्यातली चावी काढून दिली, तेव्हा दागिना उतरवून द्यावा तसा चेहरा झाला तिचा. त्या पेटी घेऊन गाडीने पुढे गेल्या आणि ही माझ्याकडे राहिली. चहा घेतला नाही. गेलेल्या पाचही जणांचं सांगत बसली. एकाने शेवटी, आज कोणता वार, असं विचारलं होतं. एकीने हिला आईवरून शिव्या दिल्या आणि मग हिचाच हात धरून गेली. "शिव्या आठवतात," म्हणाली, "चेहरा आठवत नाही." मी नुसता हूं म्हणत होतो.

मोठ्या सिस्टर परत आल्या. हिने विचारलं, "फार दुखत होतं त्यांना?"

त्यांना खोटं बोलता आलं असतं. "फार," त्या म्हणाल्या. "तू यायची होतीस तेव्हापासून."

हिने मान खाली घातली. मग त्याही जमिनीवर तिच्याशेजारी बसल्या. "शुक्रवारी तू कधीच आली नाहीस. मी एकदाही विचारलं नाही. तू कामाची, म्हणून तुलाच आणखी घरं देत गेले. यात चूक माझी."

"परत घ्याल मला?"

"माहीत नाही गं. आज घरी चल."

संस्थेत आता नियम झालाय. हातचा माणूस गेला की त्या सिस्टरला काही दिवस नवं घर द्यायचं नाही. नियम चांगला. पण सिस्टर तेवढ्याच, त्यामुळे नव्या पेशंटना थांबा म्हणून सांगावं लागतं, आणि ते लोक थांबण्यातले नसतात.

परवा मी तिच्या घरी गेलो. नवऱ्याने दार उघडलं. ती खिडकीपाशी बसली होती, केस न विंचरलेले. डॉक्टरांकडे जाते, गोळी घेते, झोप येते, एवढं सांगितलं. मोठ्या सिस्टर दर आठवड्याला येऊन बसतात म्हणे. मी आमच्या शाळेतल्या मास्तरांच्या दोन गमती सांगितल्या. एकीला ती थोडी हसली.

निघताना म्हटलं, "घाई करू नकोस, पोरी."

"ताईही तेच म्हणतात," ती म्हणाली. "पण आजोबा, तिकडे माणसं थांबलीयत ना."

 चपला घातल्या होत्या, त्या काढल्या आणि पुन्हा बसलो.