दुपारची गिटार

माझी मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर दिव्यांची पाटी आणि तोंडात कायम "थांबा, जोडते". लोकांची लग्नं, भांडणं, बाळंतपणं, मरणं तिने या टोकापासून त्या टोकाला जोडून दिली आणि त्यातलं एक अक्षरही कधी घरी आणलं नाही. "कान कामावर ठेवून यायचे," असं ती म्हणायची.

पण मी आज सांगतेय ती गोष्ट तिच्या हातांची आहे.

लग्नाआधी मावशी मामाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायची. मामा तिचा थोरला भाऊ. दिवसा बस चालवायचा, संध्याकाळी लीड गिटारवर बसायचा. लीड म्हणजे गाण्यातले ते सुटे, नाचरे तुकडे, जे लोकांच्या लक्षात राहतात. मावशी रिदम धरायची, म्हणजे मागे सतत चाललेला ठेका. "दादा चित्रं काढायचा," ती सांगायची, "आणि मी भिंत उभी करायचे. चित्राला टाळ्या पडतात, भिंतीला कोण टाळ्या वाजवतंय? पण भिंत नसेल तर चित्र टांगणार कुठे?"

त्यांच्याकडे एकच अँप्लिफायर होता. इतका जड की उचलायला दोघं लागायचे, आणि तापेपर्यंत नुसता घुरघुरायचा. म्हणून त्याचं नाव पडलं म्हैस. कार्यक्रमाला निघताना मामा आधी विचारणार, "म्हैस चढवली का?" आणि ज्यांना ठाऊक नसायचं ते गाडीपासून चार हात लांब उभे राहायचे.

मग दिवस पालटले. लग्नात दोन मोठे स्पीकर घेऊन एकच माणूस यायला लागला आणि दहा जणांचं काम एकटा करून जायला लागला. ऑर्केस्ट्रा मोडला. म्हैस कुणीतरी भंगारात घातली. मावशीचं लग्न झालं, आणि घर बदलताना तिच्या गिटारची मान तडकली. नंतर दुरुस्त करू, असं म्हणता म्हणता नोकरी संपून पेन्शन सुरू झाली.

एके दिवशी एक बस ड्रायव्हर तिच्या दाराशी आला. त्याच्या खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबोडकं होतं. मामाने आपली इलेक्ट्रिक गिटार ओळखीच्या ड्रायव्हरच्या केबिनमधून पाठवली होती. पाठोपाठ फोन आलाच.

"माझ्या बोटांनी संप पुकारलाय," मामा म्हणाला. त्याला संधिवात होता. "डॉक्टर म्हणतात तडजोड होणार नाही. कपाटावर धूळ खाण्यापेक्षा तुझ्याकडे राहू दे."

"मी कुठे आता वाजवणार, दादा?"

"नको वाजवूस. पुसून तरी ठेव."

मावशीने पुसली. मग तारा बदलून आणल्या. मग हळूच मांडीवर घेतली. पण इलेक्ट्रिक गिटारला पोटात पोकळी नसते. अँप्लिफायरशिवाय तिचा आवाज डब्याला ताणून बांधलेल्या तारेसारखा येतो. आणि अँप्लिफायर आणायचीही सोय नव्हती. मावशीला निवांतपणा मिळायचा तो दुपारी, आणि भिंतीपलीकडे राहणारी नर्स रात्रपाळी करून नेमकी दुपारीच झोपायची. "ती रात्रभर लोकांच्या उशाशी जागते," मावशी म्हणाली, "तिची झोप मी मोडू?"

आठवडाभराने मावशीने मला घरी बोलावलं. चहा झाला, माझ्या ऑफिसची चौकशी झाली, माझ्या सासूच्या गुडघ्याची चौकशी झाली. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिची सवय मला ठाऊक होती. शेवटी काकांनीच पेपरमधून डोकं वर काढलं. काका म्हणजे मावशीचे यजमान. छापखान्यात मुद्रितशोधक होते, आणि निवृत्तीनंतरही पेपरातल्या चुकांवर पेन्सिलीने गोल काढत बसायचे.

"अगं, तिला एक पेटी हवी आहे," ते म्हणाले. "एका बाजूने गिटार आत जाते आणि दुसऱ्या बाजूने हेडफोनमधून बाहेर येते म्हणे."

"मल्टी-इफेक्ट म्हणतात त्याला," मावशी लाजत म्हणाली. "दादाने सांगितलं. निरनिराळे आवाज एकाच खोक्यात असतात. पण महागातलं नको हं. स्वयंपाकघरातल्या नव्या मिक्सरच्या किमतीवर एक पैसा घालवणार नाही मी."

मग दोन-तीन आठवडे मी मोबाइलवर तेच बघत होते. गिटारमधलं मला ओ की ठो कळत नाही. जितकं वाचावं तितका गोंधळ वाढायचा. एक जण म्हणायचा हा खोका सोन्यासारखा, दुसरा म्हणायचा पत्र्यासारखा. तिकडून मामाचं उंटावरून शेळ्या हाकणं चालूच होतं. "एको चांगला हवा, आवाज घुमून परत आला पाहिजे. तिला म्हणावं एकोवर तडजोड करू नकोस." शेवटी मी तीन नावं निवडली आणि शनिवारी मावशीला घेऊन दुकानात गेले.

दुकान एका अरुंद जिन्याच्या वर होतं. भिंतीभर गिटारी टांगलेल्या. केसांची शेपटी बांधलेला एक विक्रेता एका गिटारच्या तारा कापत बसला होता. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "कुणासाठी?" मी मावशीकडे बोट केलं. त्याने क्षणभर बघितलं आणि मुकाट्याने तिच्यासाठी बिनहातांची खुर्ची आणून ठेवली. मला तो तिथेच आवडला.

पहिला खोका मोठ्या काचेच्या पडद्याचा होता. "काकू, यात तीनशे आवाज आहेत," शेपटीवाला म्हणाला.

"तीनशे? मला दोन पुरतील. एक साधा आणि एक हॉलमधला."

तिने हेडफोन लावले, तारांवरून हात फिरवला आणि दचकून खुर्चीतच मागे सरकली. "अरे बाबा, हे काय? विमान उडवायचंय का मला?"

त्याने पडद्यावर बोट फिरवून आवाज बदलला. मावशीनेही प्रयत्न केला. चष्मा लावला, काढला, कपाळावर चढवला, पुन्हा लावला. आवाज बदलायला गेली तर चित्रच सरकलं. "हे चांगलंच असेल," ती म्हणाली, "पण यात मी वाचू कधी आणि वाजवू कधी?"

दुसरा मला पसंत होता. मुठीएवढा, स्वस्त, सगळं मोबाइलवरून चालणारा. शेपटीवाल्याने तो माझ्या फोनला जोडून दिला. मावशीने वाजवलं आणि पहिल्यांदाच तिची मान हलली. आवाज तिला रुचला होता. मी मनात म्हटलं, सुटले एकदाची. इतक्यात माझ्या ऑफिसमधून फोन आला, आणि तिच्या कानात गिटारच्या जागी माझ्या फोनची रिंग घणघणली.

मावशीने शांतपणे हेडफोन काढले. "हे नको गं. आयुष्यभर लोकांचे फोनच सांभाळले. आता निदान वाजवताना तरी फोन मध्ये नको."

तिसऱ्या नावाचा माल दुकानात नव्हता. मी हिरमुसले. शेपटीवाल्याने डोकं खाजवलं, मग खाली वाकून काउंटरच्या तळातून एक जुना खोका काढला. कुणीतरी मोठा घेतला म्हणून हा परत देऊन गेला होता. कडांचा रंग उडालेला, लाल आकडे दाखवणारी लहानशी खिडकी, वर बोटभर जाडीच्या फिरवायच्या कळा, आणि उजवीकडे पायाने दाबायचं एक पेडल.

"हा कंपनीने बनवणं बंद केलंय, काकू. पण टणक आहे."

मावशीने गिटार जोडली. "आधी सगळं बंद कर," ती म्हणाली. "काही नको. नुसती गिटार ऐकू दे."

ती थोडा वेळ तसंच कोरडं वाजवत राहिली. मग तिने विचारलं, "हॉलची कळ कुठली?" आणि स्वतःच्या हाताने ती हळूहळू फिरवायला लागली. एकदा तार छेडायची, थांबायची, ऐकायची, कळ केसभर पुढे न्यायची. आम्हा दोघांना फक्त तारांची बारीक टिकटिक ऐकू येत होती. मध्येच तिचा हात थांबला. डोळे मिटलेलेच होते.

"शेड," ती म्हणाली.

"काय?" मी विचारलं.

"काही नाही. हाच घेऊ या."

मग तिने पेडलकडे बघितलं. "आणि हा शिलाई मशीनचा पाय कशाला?"

"वा-वा, काकू. दाबलं की आवाज तोंड उघडतो, सोडलं की मिटतो. लीड वाजवणारे वापरतात."

"मग माझ्या कामाचा नाही. तो काढून किंमत कमी होईल का?"

शेपटीवाला खो खो हसला. "तो काढला तर खोका एका अंगाला कलेल, काकू!" पण त्याने किंमत कमी केली. खोक्याबरोबरचा मूळ अडॅप्टर हरवला होता, हे मावशीने हेरलंच होतं.

परतताना रिक्षात मी शेडचं विचारलं. मावशी खोका मांडीवर घेऊन बसली होती, लहान मूल धरावं तसा.

"आम्ही दादाच्या बस डेपोत सराव करायचो," ती म्हणाली. "संध्याकाळच्या बस बाहेर पडल्या की मोठी शेड रिकामी व्हायची. वर पत्रे, खाली ऑइलचे डाग. एक तार छेडली की आवाज पत्र्याला लागून, त्या टोकाच्या भिंतीला लागून परत यायचा. जरा उशिरा, जरा मऊ होऊन. रखवालदार दार ओढून घ्यायचा आणि स्टुलावर बसून ऐकायचा. मला स्टेजवर कधीच तितकी मजा आली नाही. स्टेजवर लोक असतात. शेडमध्ये आपलाच आवाज आपल्याला भेटायला यायचा." मग खोका सावरत म्हणाली, "ती शेड पाडली. आता तिथे काय आहे कुणास ठाऊक. मी त्या बाजूला जातच नाही."

घरी मात्र पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. हेडफोनमधून 'घूं' असा आवाज यायला लागला. मला वाटलं, फसलो. मावशीने ट्यूबलाइट बंद केली, टीव्हीची पिन काढली. आवाज कमी झाला, पण गेला नाही. मग ती गिटार घेऊन खुर्चीसकट वळत राहिली, जुन्या काळी रेडिओची एरियल फिरवायचे तशी. एका कोनात आल्यावर घूं बंद झाला. तो कोन नेमका कपाटाकडे तोंड करून होता.

"लोक खिडकीकडे तोंड करून बसतात," काका म्हणाले, "तुझी मावशी रोज कपाटाला गाणं ऐकवते."

अशी तिची दुपारची गिटार सुरू झाली. बोटांच्या टोकांना फोड आले, मग घट्टे पडले. तिने मला ते कौतुकाने दाखवले. पेडलकडे मात्र ती ढुंकूनही बघायची नाही. एकदा प्रयत्न केला होता, पण पाय हलला की हाताचा ठेका चुकायचा.

काही महिन्यांनी मामा राहायला आला. घराचं रंगकाम काढलंय म्हणून, असं म्हणाला. पहिले दोन दिवस त्याने गिटारचा विषयही काढला नाही. तिच्या खोलीत जायचं टाळायचा. जेवताना चमचा मुठीत धरायचा, लहान मुलं धरतात तसा, आणि कुणी बघतंय असं वाटलं की हात मांडीवर घ्यायचा.

तिसऱ्या दिवशी रविवार होता, म्हणून मीही तिथेच होते. दुपारी काका बाजारातून आले आणि त्यांनी खिशातून एक आखूड वायर काढली. एका भोकातून दोन हेडफोन निघतील अशी. कुणीच त्यांना आणायला सांगितली नव्हती.

"एकाच प्रूफवर दोघांनी नजर टाकलेली बरी," ते म्हणाले आणि वायर मावशीच्या हातात देऊन पेपर उघडून बसले.

मावशीने मामाच्या डोक्यावर हेडफोन चढवले. तो नको नको म्हणत होता. ती वाजवायला लागली. तो जमिनीकडे बघत ऐकत राहिला. मग हेडफोन घातलेली माणसं बोलतात तसं मोठ्याने म्हणाला, "भिंत अजून सरळ आहे गं तुझी!"

"मग चित्र काढ!" ती तितक्याच मोठ्याने म्हणाली.

"कशाने काढू? पायाने?"

तो हे चिडूनच म्हणाला होता. पण म्हणता म्हणता त्याची नजर पेडलवर गेली. त्याने चप्पल काढली, खुर्ची पुढे ओढली आणि उजवा पाय पेडलवर ठेवला.

मावशीने त्याचा एक जुना तुकडा धरला. तिला तो पूर्ण येत नव्हता, अडखळत होती. पण मामाचा पाय अडखळला नाही. कुठे हळूच दाबायचं, कुठे झटकन सोडायचं, सगळं त्याला ठाऊक होतं. सूर तिच्या बोटांतून निघत होते आणि त्यांची तोंडं त्याच्या पायाने उघडत-मिटत होती. हे मला नंतर मावशीने समजावलं. त्या वेळी मला आणि काकांना ऐकू येत होती ती तारांची टिकटिक आणि पेडलची किरकिर. समोर दिसत होती कपाटाकडे तोंड करून बसलेली दोन म्हातारी भावंडं. मावशी हसतेय, आणि मामाच्या गालांवरून पाणी ओघळतंय ते त्याच्या लक्षातही नाही.

"इतकी वर्षं एक्सलेटर दाबला," तो ओरडला, "फुकट नाही गेला!"

दुसऱ्या दिवशी जिन्यात मावशीला नर्स भेटली. "मावशी, काल दुपारी तुमच्याकडे फार हसत होतं कुणी," ती म्हणाली. मावशीने घाईघाईने माफी मागितली. "अहो, मागता काय माफी," नर्स म्हणाली. "हसण्याने जाग आली की परत झोप लागते."

त्यानंतर मामा दर दोन-तीन महिन्यांनी यायला लागला. काकांनी त्याचं नाव पायपेटीवाले ठेवलं. पुढे मामी गेली. मुलगा परगावी, घर मोठं. तेव्हा मामा बॅग घेऊन आला तो कायमचाच.

आताशा मी शनिवारी दुपारी तिकडे जाते. काका फिरायला गेलेले असले तर बेल वाजवण्यात अर्थ नसतो, आत कुणालाच ऐकू येत नाही. म्हणून मावशीने मला एक किल्ली देऊन ठेवली आहे. मी दार उघडते, चपला काढते आणि त्यांचं गाणं संपेपर्यंत दाराशीच्या खुर्चीवर बसून राहते.