सेंटोसावर जमलेलं गिऱ्हाईक

मी सिंगापूरला निघाले तेव्हा मालवणच्या एसटी स्टँडवर आई रडत नव्हती. माझ्या बॅगेत सुके सोडे अजून कुठे कोंबता येतील ते बघत होती. बाबा मात्र ड्रायव्हरला विनवत होते, मुलगी परदेशी चालली, जरा थांबा. तो म्हणाला, माझी गाडी फक्त पणजीपर्यंत जाते.

क्लेमेंटीच्या भाड्याच्या खोलीत मी रुळले. चांगी बिझनेस पार्कमधल्या नोकरीला जाता-येता एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, उभ्याने झोपायला शिकले. काही वर्षांनी आई-बाबा आले, ते मला परत न्यायच्या इराद्याने. घरी बाबा पर्यटकांना दोन खोल्या भाड्याने देतात. खरं पर्यटन काय असतं ते दाखवावं, म्हणून मी त्यांना सेंटोसा बेटावर नेलं.

किनाऱ्यावरची वाळू बाहेरून आणलेली आहे म्हटल्यावर आईने समुद्राकडे कीव आल्यासारखं पाहिलं. मग बेटावरचा किल्ला. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या तोफा समुद्राकडे बघत राहिल्या आणि जपानी उत्तरेकडून जमिनीवरून आले, हे मी सांगितलं. बेटाच्या जुन्या नावात मरण होतं, पुढे पर्यटकांसाठी शांतता या अर्थाचं सेंटोसा हे नवं नाव दिलं, हेही सांगितलं. बाबांना बाकी इतिहास विशेष वाटला नाही, पण नावाचं मनापासून पटलं.

"बरा केला. मरणाच्या बेटार गिऱ्हाईक कोण येतला?"

शेजारी एक पुणेकर जोडपं हसलं. सिंगापुरातच तांजोंग पगारला नोकरी करणारे जोशी, सोबत त्यांची मुलगी अन्वी. बाबांनी त्यांना तिथेच तोफेला टेकून सिंधुदुर्ग किल्ला सांगितला, मग आईच्या हातचे कोंबडी-वडे सांगितले. केबल कारमधून उतरेपर्यंत जोश्यांची दिवाळी मालवणला ठरली होती. मला परत न्यायचा विषय बाबा त्या गडबडीत विसरले.

दिवाळीत मी घरी गेले, तर एका खोलीत मुंबईचे लोक आणि माझ्या खोलीत जोशी. माझ्या कपाटात त्यांचे कपडे, माझ्या पलंगावर अन्वी. सिंगापूरहून एवढा प्रवास करून मी स्वयंपाकघरात, नारळांच्या पोत्याला पाय लावून झोपायचं? मी आईवर चांगलीच भडकले. तिने वडे थापता थापता मान वर केली.

"खोली पावण्यांका देतत गो. घरच्या माणसाक खंयव चालता."

मी पदर खोचला आणि वडे तळायला बसले.

सकाळी अन्वी चहा-बिस्किटांसाठी आत आली. मी ओट्यापाशी अवतारात उभी. सेंटोसावर भेटलेली मी तिला ओळखू आले नाही. तिने मला नीट न्याहाळलं आणि सिंगापुरी इंग्रजीत विचारलं,

"आंटी, यू वर्क हिअर, आह?"

क्लेमेंटीच्या खोलीत माझी गादी आहे, डेस्क आहे, खिडकीही आहे. पण तिथे मला न विचारता कोणी कामाला लावत नाही.

"हो गं," मी म्हटलं, "लहानपणापासून."