वैद्यांचा तळहात

सगळे त्यांना वैद्य म्हणत, पण त्यांनी जन्मात कुणाला औषधाची पुडी दिली नव्हती. त्यांचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, आत दोन गाड्यांपुरती जागा, एका भिंतीवर पाने टांगलेले आणि दुसरीवर दहा मिनिटं पुढे असलेलं एक घड्याळ, जे मागे करायची तसदी कुणी घेत नव्हतं. थंडी सुरू झाली की 'हीटर गार हवा फेकतोय' म्हणत गाड्या यायला लागत. दुसरीकडे असली गाडी नेली की आधी मशीन जोडत, मग लांबलचक यादी वाचून दाखवत. वैद्य मात्र बॉनेट उघडून नुसता हात घालत आणि नाडी बघितल्यासारखे डोळे मिटत. डोळे मिटायची काहीएक गरज नव्हती. पण गिऱ्हाइकाला बरं वाटतं, असं ते स्वतःच हसून सांगायचे.

रीत म्हणाल तर अगदी साधी. इंजिनातून दोन रबरी पाइप डॅशबोर्डच्या मागे जातात. तिथे हीटरची कॉइल असते, म्हणजे वहीएवढा छोटा रेडिएटर. एका पाइपातून गरम पाणी आत जातं, दुसऱ्यातून परत येतं. कॉइल तापते, पंखा तिच्यावरून हवा आत ढकलतो. वैद्य हे दोन पाइप दोन मुठींत धरत. दोन्ही गरम, तर पाणी नीट फिरतंय, दोष हवेच्या झडपेचा. दोन्ही गार, तर पाणी तिथवर पोचतच नाही. एक गरम आणि एक गार, तर कॉइल गाळाने तुंबली. संपलं. एवढ्या विद्येवर त्यांनी तीस वर्षं संसार केला आणि मुलीला शिकवून परगावी नोकरीला लावलं.

हाच हात घरीही चाले. घरात थर्मामीटर कधी आलाच नाही. मुलगी लहान असताना एकदा शाळा बुडवायची म्हणून गरम पाण्याच्या पिशवीवर कपाळ घासून आली. वैद्यांनी कपाळाला हात लावला, मग मानेला लावला आणि म्हणाले, "कपाळ तापलंय आणि मान गार? हा कुठला ताप? चल, दप्तर भर." बायको हा किस्सा शेजारपाजारी कितीदा सांगायची त्याला गणती नाही. "आमच्याकडे ती काचेची नळी लागत नाही," ती म्हणायची, "हे आहेत ना."

मागच्या थंडीत एका संध्याकाळी ती शाल गुंडाळून बसली. "थंडी भरून येतेय हो. बघा जरा, ताप आहे का?" वैद्यांनी कपाळावर तळहात ठेवला, सवयीने डोळेही मिटले. "छे! गार आहेस. दमली आहेस, झोप." दुसऱ्या दिवशीही बघितलं, दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिला धाप लागली. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले न्यूमोनिया, आणि विचारलं, "ताप कधीपासून आहे?" वैद्य म्हणाले, "ताप नव्हताच." डॉक्टरांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कागदात खुपसली.

मुलगी मिळेल त्या गाडीने आली होती. वॉर्डाबाहेर तिने बापाला गाठलं. "बाबा, आईला तीन दिवस ताप होता. मला फोनवर म्हणाली ती."

"मी हात लावून बघितलं. एकदा नाही, दोनदा बघितलं," वैद्यांचा आवाज चढला. "आता तू मला शिकवणार?"

बाकावरची माणसं वळून बघायला लागली. मुलगी आणखी काहीतरी बोलणार होती, पण तिने तोंड मिटलं. पाचव्या दिवशी बायको गेली.

त्यानंतर बाप-लेकीचं बोलणं उरलं ते नावापुरतं. ती फोन करायची तो मामाला, म्हणजे वैद्यांच्या मेहुण्याला. मेहुणा त्याच शेडमध्ये गाड्यांचं वायरिंग करायचा. "बाबा जेवतात ना वेळेवर?" असं ती विचारायची आणि तो पक्कड हातात धरून, पाठ फिरवून, हळू आवाजात उत्तरं द्यायचा. वैद्यांना सगळं ऐकू यायचं. ते मुद्दाम जोरात हातोडी मारायचे. आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "चालती-बोलती नेली होती हो. अंगात कणभर ताप नव्हता. तिथे नेली आणि हातची गेली." ऐकणारे मान हलवायचे आणि डोळा घड्याळाकडे ठेवायचे. पण वैद्यांना ते सांगावंच लागायचं. ताप नव्हता, या एका वाक्याच्या आधारावर ते रात्री पाठ टेकू शकत होते.

यंदाच्या थंडीत एका सकाळी व्हॅनवाल्या बाई आल्या. या बाई किडनीच्या पेशंटना घरून हॉस्पिटलात न्यायच्या आणि रक्त धुऊन झालं की परत आणून सोडायच्या. पाच म्हातारे-म्हाताऱ्या, आठवड्यातून तीनदा.

"वैद्य, हीटर बर्फ ओततोय नुसता," बाई म्हणाल्या. "ते मशीनवरून उठतात तेव्हा आधीच कुडकुडत असतात. काल एका आजींचे ओठ निळे पडले होते. माझा कोट काढून घातला त्यांना. उद्या सकाळी पुन्हा फेरी आहे. काहीही करा."

"तुमचा कोट तुम्हीच घाला. संध्याकाळी गाडी भट्टीसारखी देतो," वैद्य म्हणाले. इंजिन तापेपर्यंत चालू ठेवलं. तापमानाचा काटा मधोमध आला. कूलंट, म्हणजे इंजिनाचं पाणी, काठोकाठ होतं. मग त्यांनी आत हात घालून दोन पाइप दोन मुठींत धरले आणि डोळे मिटले.

"दोन्ही सारखे. इंजिन तापलंय, म्हणजे दोन्ही गरमच. झडप अडकलीय. डॅशबोर्ड खोलावा लागेल."

दुसऱ्या गाडीखालून मेहुण्याचा आवाज आला, "दाजी, एवढं सगळं खोलण्याआधी एकदा…"

"तू तुझ्या वायरी बघ."

डॅशबोर्ड खोलणं म्हणजे गाडीचं घर रिकामं करण्यासारखं काम. स्टिअरिंगखालचं आवरण, रेडिओ, मीटर, पस्तीसेक स्क्रू आणि कुणाच्या तरी हातून कधी पडलेली एक केसांची पिन, सगळं गोणपाटावर ओळीने मांडलं गेलं. दुपार झाली तेव्हा वैद्य झडपेपाशी पोचले. बोटाने ढकलली तर ती उघडली. सोडली तर मिटली. दहादा केलं, दहाही वेळा ती शहाण्या मुलीसारखी वागली. वैद्य चक्रावले. इंजिन पुन्हा चालू केलं. हवा गारच.

"हे कसं शक्य आहे?" ते स्वतःशीच पुटपुटले. तीस वर्षांत अशी फजिती झाली नव्हती.

मेहुणा न बोलावता आला. बॉनेटखाली वाकून टॉर्चचा उजेड पाडताना तोल सांभाळायला त्याने हात टेकला, तो नेमका पाइपावर. मग शेजारच्या पाइपाला लावला आणि "आई गं!" करत मागे घेतला.

"दाजी, हा एक उकळतोय आणि परतीचा गार पडलाय. कॉइल तुंबलीय."

"काहीतरी बोलू नकोस."

"अहो, लावून बघा ना हात."

वैद्यांनी फडक्याने तळहात खसाखसा पुसले. दोन्ही पाइप धरले. सारखेच. मूठ सैल केली, पुन्हा आवळली. सारखेच. मेहुणा थट्टा करतोय की काय, म्हणून त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मेहुणा थट्टा करत नव्हता. तो त्यांच्या उजव्या मुठीकडे बघत होता, जी त्या उकळत्या पाइपावर तशीच आवळलेली होती.

"दाजी, सोडा! सोडा म्हणतो ना!" त्याने मनगट धरून हात ओढून काढला. तळव्यावर लालभडक पट्टा उठला होता.

"कामाचा हात आहे," वैद्य म्हणाले. "जाड झालाय."

त्यांना साखरेचा आजार होता हे मेहुण्याला माहीत होतं. तपासणीच्या वेळी 'हातापायांना मुंग्या येतात का, बधिर वाटतं का' असं विचारलं की 'मला बसायला वेळ कुठे, मुंग्या यायला?' असं म्हणून हे डॉक्टरलाच हसवून येत, हेही माहीत होतं. त्याने हळूच विचारलं, "कधीपासून असं होतंय?"

वैद्य गाडीच्या पायरीवर बसले. कधीपासून? त्यांना भाजीचं पातेलं आठवलं. फडकं न घेता शेगडीवरून उचललं होतं, आणि बायको म्हणाली होती, "भाजलं नाही का हो?" तेव्हा त्यांनी फुशारकीने हात पुढे केला होता. दुसऱ्या दिवशी फोड आला. तो धुऊन, वर पट्टी बांधून तिनेच विचारलं होतं, "खरंच कळलं नाही तुम्हाला?" ते हसले होते. बोटावरची ती पट्टी अजून सुटली नव्हती तेव्हा ती शाल गुंडाळून बसली. त्याच पट्टी बांधलेल्या हाताने त्यांनी तिचं कपाळ बघितलं होतं.

त्यांनी वर पाहिलं. मेहुण्याचे डोळे भरले होते. त्याची ती सख्खी बहीण होती, हिशेब लावायला त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. तो पाण्याची नळी आणायला गेला.

पुढचं काम मेहुण्यानेच केलं. दोन्ही पाइप सोडवले आणि परतीच्या बाजूने कॉइलमध्ये जोरात पाणी सोडलं. आधी थेंब थेंब, मग गंजलेला तपकिरी चिखल भसाभसा बाहेर आला. कुणीतरी कधी गळती थांबवायची पावडर टाकली असावी. ती कॉइलमध्ये जाऊन बसली होती. पाणी स्वच्छ यायला लागल्यावर त्याने पाइप जोडले, नवं कूलंट भरलं आणि झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. अडकलेली हवा बुडबुडे होऊन निघून गेली. वैद्य तोवर एका हाताने स्क्रू लावत होते. कुठला स्क्रू कुठे हे हाताला अजून पाठ होतं.

"आली का?" त्यांनी विचारलं.

"आली. चांगली गरम आली," मेहुणा म्हणाला.

वैद्यांनी डॅशबोर्डच्या हवेच्या झरोक्यावर तळहात धरला. नुसता वारा लागला. मग कोण जाणे काय वाटलं, ते वाकले आणि झरोक्याला गाल लावला. हवा गरम होती. इतकी गरम की त्यांनी चटकन तोंड फिरवलं.

गालाला कळत होतं. गालाला तेव्हाही कळलं असतं. तीस वर्षं संसार केलेली बायको, तिच्या कपाळाला गाल लावायला त्यांना कुणी अडवलं होतं? पण त्यांनी मेकॅनिकसारखा हात लावला आणि मेकॅनिकसारखा निकाल दिला. ते तसेच वाकून बसून राहिले. गरम हवा तोंडावर येत राहिली.

संध्याकाळी व्हॅनवाल्या बाई आल्या. आत बसल्या, हीटर लावला आणि लहान पोरीसारख्या हसल्या. "वैद्य, तुमच्या हाताला गुण आहे हो!"

"हात याचा," वैद्यांनी मेहुण्याकडे बोट दाखवलं. "यापुढे याचाच."

बाई गेल्यावर त्यांनी मुलीला फोन लावला. ती घाबरूनच बोलली, "बाबा? मामा बरा आहे ना?"

"बरा आहे." पुढचं कसं बोलायचं हे त्यांनी ठरवलं होतं, ते सगळं ते विसरून गेले. "तुझ्या आईला ताप होता."

ते स्टुलावर बसले.

"माझ्या हाताला गरम-गार कळत नाही. आज कळलं मला. तू खरं बोलत होतीस आणि मी चारचौघांत तुझ्यावर…"

"बाबा," ती मध्येच म्हणाली, "आईला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुम्ही गॅरेजमध्ये होतात तेव्हा तिने शेजारच्या काकूंकडून थर्मामीटर आणून लावला होता. एकशे तीन होता. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता बाबांना सांग. तर म्हणाली, 'नको गं. मी गोळी घेतलीय, उद्यापर्यंत उतरेल. पातेल्याने भाजलं तेही त्यांना कळलं नाही. हात गेला हे असं माझ्या तापावरून कळलं तर खचतील. बरी झाले की मीच नेते त्यांना डॉक्टरकडे.'" मुलीचा आवाज कापायला लागला. "त्या दिवशी वॉर्डाबाहेर मी हेच सांगणार होते. तुम्ही ओरडलात आणि मला आईचा शब्द आठवला. म्हटलं, बापाला कळण्यापेक्षा बाप माझ्यावर रागावलेला बरा."

वैद्यांनी फोन या कानावरून त्या कानाला नेला. उजव्या तळव्यावरचा पट्टा आता फुगून पाणी धरायला लागला होता. शेडच्या दारात मेहुणा पाठमोरा उभा होता.

"आज कळलं म्हणजे कसं कळलं?" मुलीने विचारलं. "बाबा, हात भाजलाय का तुमचा?"

"हो."

"खूप दुखतोय?"

"नाही," वैद्य म्हणाले, आणि रडायला लागले.