हिल्काने बर्फात आखलेलं घर

हिल्का मोइलानेन एकतीस वर्षं आमच्या भागातल्या रस्त्यांवरचा बर्फ काढत होती. पुढे रुंद लोखंडी पातं लावलेला ट्रक घेऊन ती पहाटे निघायची आणि शाळेची बस सुटायच्या आत आमच्या हार्माव्हारा गावापासून हमरस्त्यापर्यंतचे बावीस किलोमीटर मोकळे करून ठेवायची. सुरुवातीला गावातले पुरुष म्हणायचे, बाईमाणसाच्या हातून ही गाडी पहिल्याच वळणावर खड्ड्यात जाणार. पहिल्या वळणावर गेली नाही, शेवटच्याही नाही. निवृत्तीच्या दिवशी रस्ते खात्याच्या लोकांनी तिला केक दिला. तिने तो कापला, सगळ्यांना वाटला आणि उरलेला तुकडा घेऊन घरी गेली. मी तिची शेजारीण. त्या तुकड्यातला अर्धा माझ्या वाट्याला आला.

तिचं घर म्हणजे तिच्या सासऱ्याने बांधलेलं दोन मजली लाकडी घर. झोपायच्या खोल्या वर, न्हाणीघर खाली, आणि मधला जिना शिडीसारखा उभा. एक हिवाळा काढायचा तर घराला अकरा राशी लाकूड लागायचं. हिल्काचा नवरा तायस्तो चाळीस वर्षं आरागिरणीत होता, लाकडाचं त्याला ओझं नव्हतं. पण त्याचे डोळे जायला लागले. आधी समोरच्या माणसाचा चेहरा धूसर झाला, मग वर्तमानपत्र गेलं. डॉक्टरांनी सांगितलं, हे हळूहळू जाणार आणि परत येणार नाही. हिल्का निवृत्त झाली त्या वर्षी नोव्हेंबरात जिन्याची पायरी चुकून तो चार पायऱ्या गडगडला. हाड मोडलं नाही, पण ओउलू शहरात राहणाऱ्या त्यांच्या मुलीचा, औतीचा, फोन त्याच संध्याकाळी आला. तेव्हा मी तिथेच कॉफी पीत बसले होते.

"आई, बास झालं आता," औती म्हणाली. फोनचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं. "आमच्या इमारतीत दोन खोल्यांची जागा रिकामी होतेय. लिफ्ट आहे, दुकान खालीच आहे."

"आणि तुझे बाबा दिवसभर काय करतील? लिफ्टने वरखाली?"

"पडण्यापेक्षा बरं."

"मी घर बांधतेय," हिल्का म्हणाली.

मीही हे पहिल्यांदाच ऐकत होते. तायस्तोच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की त्यालाही नवीनच आहे.

"कसलं घर?"

"लहान. आम्हा दोघांना पुरेल एवढं. एका मजल्याचं."

तळ्याकडे उतरत जाणारी त्यांचीच जमीन होती, तिथे हे घर व्हायचं होतं. पण हिल्काने त्या हिवाळ्यात ना पाया खणला, ना लाकूड आणलं. तिने बर्फात रस्त्याची कड कळावी म्हणून रोवतात तशा केशरी काठ्या आणल्या आणि त्या उतारावर दहा-दहा पावलांवर रोवल्या. दर रविवारी ती स्की घालून जायची, प्रत्येक काठीपाशी किती बर्फ साठलाय ते मोजायची आणि कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायची. गावात चर्चा व्हायला कितीसा वेळ लागतो. तळ्यापलीकडचा उर्हो दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला, "हिल्का, निवृत्त झालीस तरी रस्ता सापडेना का गं?"

"मला सापडलाय," ती म्हणाली. "तू वाटेतून बाजूला हो, मला पीठ घ्यायचंय."

तिचं म्हणणं साधं होतं. वारा कुठून येतो आणि बर्फ कुठे टाकतो, हे माणसाने ठरवायचं नसतं, बघायचं असतं. रस्त्यावर ती हेच शिकली होती. एका वळणावर तीन फूट ढीग आणि दहा पावलं पुढे डांबर उघडं, हे तिने एकतीस वर्षं पाहिलं होतं. जानेवारीअखेर तिला उतारावर एक पट्टा सापडला. दोन जुन्या देवदारांच्या आडोशाला कितीही पडलं तरी तिथे बर्फ घोट्याच्या वर जात नव्हता.

मग हिल्काने बोलावलेली रीक्का कायानी शहरातून आली. तिशीतली, घरांचे नकाशे काढणारी, हुशार मुलगी. तिने आणलेला नकाशा मीही पाहिला, आणि खरं सांगते, मला आवडला. तळ्याकडे मोठ्या काचा, लांब बाजूला मधोमध दार, दारासमोर बसायला लाकडी ओटा. हिल्काने चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

"दार छपराच्या उताराखाली आहे," ती म्हणाली.

"हो, रस्ता त्याच बाजूने येतो ना."

"छपरावरचा बर्फ कुठे पडणार?"

रीक्का म्हणाली, "छपराला बर्फ अडवणाऱ्या पट्ट्या असतात."

"असतात. मार्चमध्ये एक दिवस ऊन पडतं आणि पट्टीसकट सगळं खाली येतं. त्या दिवशी दारात तायस्तो उभा असेल, आणि त्याला वर बघून काही दिसणार नाही. दार आखूड बाजूच्या त्रिकोणी भिंतीत घे, तिकडे छप्पर उतरत नाही. आणि आत उघडणारं ठेव. बाहेरून वाऱ्याने बर्फ लावून ठेवला तर आपलं आपल्याला निघता आलं पाहिजे."

"मग तळं दिसणार नाही दारातून."

"अर्धं वर्ष ते पांढरंच असतं गं. खिडकीतून दिसेल तेवढं पुरे."

रीक्का नकाशा गुंडाळून गेली. दुसरं कुणी असतं तर पुन्हा आलं नसतं. ती तीन आठवड्यांनी दुसरा नकाशा घेऊन आली, तेव्हा हिल्काने तो टेबलावर उघडूच दिला नाही. "बूट घाल," म्हणाली, "आणि चल."

मार्च संपत आला होता. सकाळी बर्फाचा वरचा थर इतका टणक असतो की त्यावरून सरळ चालत जाता येतं. देवदारांच्या आडोशाला हिल्काने फावड्याने अख्खं घर आखलं होतं, खरंखुरं, पूर्ण मापाचं. आजूबाजूचा बर्फ ओढून आणून रचलेल्या गुडघाभर उंच भिंती, भिंतींमध्ये दारांची तोंडं. चुलीच्या जागी दुधाचे उलटे क्रेट, पलंगाच्या जागी देवदाराच्या फांद्या, सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, बाकाच्या जागी एक फळी. सेहेचाळीस चौरस मीटर. बाहेरून बघितलं तर पोरांनी खेळायला केल्यासारखं.

"आता बघ," हिल्का रीक्काला म्हणाली, आणि तायस्तोला पलंगाच्या जागी उभं केलं. स्वतःची लोकरी टोपी त्याच्या डोळ्यांवर ओढली. "रात्रीची वेळ आहे. लघवीला जायचंय."

"मला खरंच जायचंय," तायस्तो म्हणाला.

तो हात पुढे करून निघाला आणि थेट सौनात शिरला. मग वळला तो चुलीच्या क्रेटवर आदळला. आम्ही हसलो, तोही हसला. हिल्का हसली नाही. तिने फावडं उचललं आणि एक भिंत पाडली.

पुढचे नऊ दिवस हेच चाललं. रोज सकाळी एक भिंत सरकायची, एक दार बुजायचं, आणि टोपी ओढलेला तायस्तो पलंगापासून निघायचा. कधी जेवणाच्या टेबलावर आदळायचा, कधी नुसताच बाहेर पडायचा. सहाव्या दिवशी तो वैतागला. "मी म्हातारा बैल नाही, घाण्याला जुंपल्यासारखं फिरवतेस ते," म्हणाला आणि घरी निघून गेला. दुपारी आपणहून परत आला. त्याने आणलेली कल्पना त्याचीच होती. पलंग, संडास, सौना, चूल आणि बाहेरचं दार, सगळं एकाच भिंतीच्या कडेने, एकापाठोपाठ एक यायला हवं. भिंतीवर कमरेच्या उंचीवर एक दांडी हवी. "गिरणीत अंधारात आम्ही असेच चालायचो," तो म्हणाला. "हात लाकडावर ठेवायचा, डोक्याला त्रास द्यायचा नाही."

नऊ दिवसांनी रीक्का पुन्हा आली आणि त्याचं म्हणणं तिने तसंच घेतलं. तिने मोजपट्टी काढली आणि बर्फाच्या भिंतींची मापं घेत गेली. जाताना हिल्काला म्हणाली, "पाच वर्षं शिकले, पण कुणी मला घरात डोळे मिटून चालायला सांगितलं नव्हतं."

ईस्टरला औती आली. ती भांडायच्याच तयारीने आली होती, हे गाडीचं दार तिने कसं आपटलं त्यावरून कळलं. बूटही न काढता दारातच सुरू झाली. "आई, वय बघ तुझं. लोक या वयात घरं विकतात."

"कॉफी नंतर," हिल्का म्हणाली. "आधी तुझ्या बाबांबरोबर जा. त्यांना तुला घर दाखवायचंय."

तायस्तोने मुलीचा हात धरला. त्या दिवशी टोपी ओढायची गरज नव्हती, ऊन इतकं लख्ख होतं की त्याला तसंही काही दिसत नव्हतं. दांडीच्या जागी हिल्काने दोरी ताणली होती. त्याने एक हात दोरीवर ठेवला, दुसऱ्या हातात औतीचा हात. "हे दार. आत उघडतं. उजवीकडे खुंटी, कोट काढ. ही चूल, हात लावू नकोस, तापलीय." "ही सौना. हा संडास. इथे आम्ही झोपणार. खिडकी इकडे, तुझी आई सकाळी वारा बघणार." मग तो तिला परत चुलीपाशी घेऊन आला, क्रेटवर बसवलं, खिशातून थर्मास काढला आणि बोटाने कपाची कड चाचपत कॉफी ओतली. एक थेंब बाहेर सांडला नाही.

औतीने कॉफी घेतली. बराच वेळ ती त्या गुडघाभर भिंतींकडे बघत होती. मग आईकडे न बघता म्हणाली, "माझी झोपायची जागा कुठेय?"

हिल्काला हे सुचलंच नव्हतं. घरातून पोरगी जाऊन वीस वर्षं झाली होती. तिने फावडं घेतलं आणि चुलीजवळ बसायला केलेला बर्फाचा बाक दोन हात लांबवला.

मे महिन्यात बर्फ वितळला आणि त्याबरोबर ते घरही गेलं, पण तोवर सगळी मापं कागदावर आली होती. उन्हाळ्यात काम झालं. थंडीत जमीन फुगून पाया उचलू नये म्हणून खाली खडीचे जाड थर घातले. दाराला पायरी नाही, मातीचा सौम्य चढ. भिंतीच्या कडेला पाव भाजायची भट्टी असलेली दगडी चूल, एकदा सकाळी पेटवली की दुसऱ्या सकाळपर्यंत ऊब देणारी. दांडी तायस्तोने स्वतः केली, बर्चच्या लाकडाची, अकरा मीटर. सगळा उन्हाळा तो अंगणात बसून बोटांनी चाचपत ती घासत होता. कुठे खरखरीत लागलं की पुन्हा. उर्हो येऊन म्हणायचा, "कोंबड्यांच्या खुराड्याला एवढं कशाला रे?" तायस्तो म्हणायचा, "कोंबड्यांना पायात काटे आवडत नाहीत."

जानेवारीत तीन दिवस वादळ झालं. चौथ्या दिवशी उर्होच्या दारापुढे छातीइतका ढीग होता, तो खिडकीतून बाहेर पडला. स्की घालून तो आमच्या बाजूला आला, तेव्हा हिल्का दारासमोरचा घोटाभर बर्फ झाडूने लोटत होती. फावडंही लागलं नव्हतं. त्याने उभं राहून छपराकडे पाहिलं, देवदारांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं.

"त्या मुलीचा फोन नंबर आहे का?" त्याने विचारलं. "नकाशावाल्या."

"आहे. आधी आत ये, वेलचीचा पाव आत्ताच काढलाय."

पुढच्या शरदात तायस्तोचं उरलंसुरलं दिसणंही संपलं. त्यावर त्या घरात फारशी चर्चा झाली नाही. तो रोज उठायचा, दांडीला हात लावायचा, चूल पेटवायचा. खरी परीक्षा त्यानंतरच्या फेब्रुवारीत आली. हिल्काचा खुब्याचा सांधा झिजला होता, कायानीला ऑपरेशन झालं, आणि तिला सोळा दिवस तिथे राहावं लागलं. औती म्हणाली, बाबांना ओउलूला नेते. तायस्तो म्हणाला, मी कुठेही येणार नाही. मग औती सुट्टी घेऊन यायला निघाली, तर त्याने तेही नको म्हटलं. "दोन दिवस वाट बघा," तो म्हणाला, "नाही जमलं तर स्वतः फोन करीन."

मी रोज दुपारी डोकावायचे, ते केवळ हिल्काला दिलेल्या शब्दाखातर. गेले की चूल उबदार असायची, भांडी धुतलेली, बूट जागेवर. शनिवारी सौना तापवलेली. एकदा मी राईचा पाव घेऊन गेले, तर त्याने स्वतः भाजलेला टेबलावर होता. जरा करपलेला होता, पण माझ्यापेक्षा बरा. माझा त्याने ठेवून घेतला, शिष्टाचार म्हणून.

हिल्का परत आली ती टॅक्सीने. औती सोबत होती, मी आधीच येऊन थांबले होते. धुराड्यातून सरळ वर धूर जात होता. ड्रायव्हरने सामान उतरवलं आणि विचारलं, "छान घर आहे. कुणी बांधून दिलं?"

हिल्का कुबड्यांवर उभी होती. तिला बढाई मारलेली मी आयुष्यात कधी ऐकली नव्हती.

"मी आखलं," ती म्हणाली. "आणि आत जो आहे ना, त्याने."

पायरी नव्हती, म्हणून ती कुणाचा हात न धरता आत गेली. तायस्तो चुलीपाशी होता. तिच्या कुबड्यांचा आवाज ऐकून तो वळला, त्याने बाकाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "बस. आता दांडी तुलाही लागेल."

त्याने कॉफी केली. आम्ही तिघी बसून राहिलो, कुणी मदतीला उठलं नाही. त्याने चारही कप भरले, ते एकेक करून आमच्या हातात दिले, आणि शेवटी आपला घेऊन हिल्काशेजारी बसला. औतीने तोंड खिडकीकडे वळवलं होतं. हिल्काने एक घोट घेतला आणि घरभर नजर फिरवली, पूर्वी वादळानंतर रस्ता बघायची तशी.

"सौनाचं दार डावीकडे उघडायला हवं होतं," ती म्हणाली.

"पुढच्या घराला बघू," तायस्तो म्हणाला.