एकाच गाडीतले दोन आरोपी

चोंढीच्या नाक्यावरची ती सकाळ मी आजही विसरू शकलेलो नाही. आठवली की अजून राग येतो. पोलिसांच्या दृष्टीने तो पाठलाग यशस्वी झाला होता. आरोपी सापडले, माल सापडला, सेशन्स कोर्टात दोघांना शिक्षा झाली. राग येतो तो त्यानंतर अपिलात जे घडले त्याचा, आणि काही अंशी माझा स्वतःचाही. मी इथे कोणाचेही नाव घेणार नाही. त्यातले काही आज हयात नाहीत, आणि जे आहेत त्यांना आपण कोण ते ठाऊक आहे.

पन्नास सालानंतरची ती वर्षे. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते, राज्यात कडक दारूबंदी होती आणि गोवा पोर्तुगिजांकडे होता. गोव्याहून विलायती दारू गलबतातून आमच्या किनाऱ्याला लागायची आणि रेवसच्या धक्क्यावरून लाँचने मुंबईला जायची. मला फौजदार होऊन तीन वर्षे झाली होती. हाताखाली एक हवालदार, नऊ शिपाई आणि बहुतेक वेळा ढकलूनच सुरू होणारी एक जीप.

खबर आली किहीमच्या एका बैलगाडीवाल्याकडून. महिन्यातून दोनदा त्याची गाडी किनाऱ्यावरून एका वाडीपर्यंत नारळाची पोती वाहायला बोलावली जायची. भाडे वेळेवर मिळायचे, तरी त्याच्या मनात शंका होती. आमच्या हवालदाराला तो म्हणाला, "नारळाच्या पोत्यात पेंढा कशाला भरतात? नारळ काय फुटतो व्हय?"

वाडी ज्याची, तो रस्त्यांची कंत्राटे घेणारा मोठा माणूस होता. शाळेच्या समितीवर होता, कलेक्टर आले की हार घालायला पुढे असायचा. त्याला मी इथे मालक म्हणेन. मी वरिष्ठांना तोंडी सांगितले तेव्हा त्यांनी सांगितले, "हातात माल सापडला तरच हात लावा." म्हणून वाडीवर छापा न घालता मालकाची मोटार माल घेऊन वाडीतून निघाली की नाक्यावर अडवायची असे मी ठरवले.

सकाळी आठच्या सुमाराला मालकाची काळी मोटार किहीमकडून आली. आम्ही रस्त्यावर बांबू आडवा टाकून उभे होतो. दोनशे पावलांवर मोटार थांबली. वळवायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ ती धुळीत उभी होती. हे मला तेव्हा दिसले, पण त्याचा अर्थ कळला नाही. मग ती एकदम वळली आणि आतल्या रस्त्याने थळच्या दिशेने सुटली. आम्ही जीप मागे घातली.

तो रस्ता एका गाडीपुरता, दोन्ही बाजूंना सुरूची झाडे आणि माडाच्या वाड्या. थळच्या कोळणी सकाळी सुकी मासळी घेऊन त्याच रस्त्याने चोंढीला यायच्या. हे मला ठाऊक होते. त्या भागात राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. तरी मी जीप चालवणाऱ्या शिपायाला वेग कमी कर म्हणालो नाही. एका वळणावर पुढची मोटार उजवीकडे घसरली. तिथे तीन बायका टोपल्या घेऊन चालल्या होत्या. दोघी बांधावर उडी मारून वाचल्या. तिसरीला मोटारीने उडवले.

आम्ही पोचलो तेव्हा ती रस्त्यावर पडलेली होती, भोवती बोंबील विखुरलेले होते, आणि ती कण्हत होती. जीप हळू झाली. जीप चालवणाऱ्या शिपायाने माझ्याकडे पाहिले. मी एका शिपायाला खाली उतरवले आणि म्हणालो, "तू हिच्यापाशी थांब. आपण पुढे."

मैलभरावर मोटार भाताच्या खाचराच्या बांधावर आदळलेली मिळाली. ड्रायव्हर सुकाणूवर दोन्ही हात ठेवून बसला होता. मालक बाहेर उभा राहून धोतराचा चिखल झटकत होता. मला पाहताच तो म्हणाला, "या. हाच तुमचा गुन्हेगार. मी किती वेळा सांगितलं याला, हळू चालव म्हणून."

मागे पेंढ्यात बांधलेल्या बाटल्या होत्या. त्यांचा पंचनामा करीत असतानाच निरोप आला की बाई वाटेतच गेली. तिला बैलगाडीतून न्यावे लागले होते. दुसरे वाहन त्या रस्त्यावर नव्हते.

ड्रायव्हर पोयनाडच्या बाजूचा, शेतकरी घरातला, तिशीचा माणूस. नऊ वर्षे मालकाकडे होता. ठाण्यात त्याने एकच धोशा लावला. गाडी मीच चालवत होतो, दारूही मीच भरली, मालकांना काही माहीत नाही. मी त्याला हात लावला नाही. कबुली द्यायला बसलेल्या माणसाला मारून काय मिळणार? मी त्याला फक्त लहानसहान गोष्टी विचारत राहिलो. रस्त्यावर किती बायका होत्या? तो म्हणाला, एक. भोंगा वाजवलास का? म्हणाला, वाजवला. त्या मोटारीचा भोंगा कित्येक दिवस बंद होता. स्वतःचे खोटे बोलणारा माणूस असे प्रश्न विचारले की चिडतो. दुसऱ्याचे खोटे अंगावर घेतलेला चिडत नाही, थकतो. हा थकत चालला होता.

दुसऱ्या दिवशी सिव्हिल सर्जनचे दाखले आले. ड्रायव्हरच्या कपाळावर काचेची जखम. मालकाच्या छातीवर अर्धगोल काळानिळा वळ. मी पुन्हा मोटारीपाशी गेलो. सुकाणूची खालची कड वाकली होती. समोरची काच फुटली होती ती डाव्या बाजूला, आणि तिच्या कडेला रक्त आणि केस होते. ड्रायव्हर उजवीकडे बसतो. ज्याचे कपाळ फुटले तो डावीकडे होता.

काचेचा तो तुकडा मी ड्रायव्हरसमोर टेबलावर ठेवला आणि त्याला कपाळाची पट्टी चाचपायला सांगितली. त्याने पट्टीला बोट लावले. मग म्हणाला, "साहेब, मी थांबलो व्हतो. नाक्यावर पोलीस बघितले आणि मी ब्रेक मारला. मालकांना म्हटलं, आता थांबूया. तर त्यांनी मला बाजूला ढकललं आणि आपण सुकाणूवर बसले. मोटार आदळल्यावर मला परत तिथं बसवलं."

मोटार धुळीत एवढा वेळ का उभी होती ते मला तेव्हा कळले. पोलिसांना दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून मी त्याला विचार करायला वेळ देऊन मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले. तिथे त्याने सगळे खरे सांगितले. मालकाविरुद्धही, स्वतःविरुद्धही.

सेशन्स कोर्टात मेलेल्या बाईच्या जावेने साक्ष दिली; बांधावर उडी मारून वाचलेल्या दोघींपैकी ती एक. मालकाच्या वकिलाने तिला दोन तास उलटसुलट विचारले. ती ठाम राहिली. मालकाला सदोष मनुष्यवधाबद्दल आणि दारूबद्दल मिळून पाच वर्षे, ड्रायव्हरला दारूची वाहतूक आणि सुरुवातीला खोटी माहिती देऊन गुन्हेगाराला पाठीशी घातल्याबद्दल मिळून दोन वर्षे शिक्षा झाली. मला वाटले, संपले.

मालकाने हायकोर्टात अपील केले. तीन आठवड्यांत तो जामिनावर बाहेर आला. वर्षभर मी त्याला बाजारात, सभांना, शाळेच्या समारंभात पुढच्या रांगेत पाहत होतो. ड्रायव्हर घाटावरच्या तुरुंगात होता.

अपिलाचा निकाल आला तो मी ठाण्यात उभ्यानेच वाचला. बाटल्या पेट्यांत सील करताना घेतलेले दोन्ही पंच आमच्या नेहमीच्या ओळखीचे होते, आणि एका पेटीवरच्या सहीत घोटाळा होता. ती चूक आमची होती. म्हणून दारूचा गुन्हा मालकावर शाबीत होत नाही. गाडी तोच चालवत होता हे मान्य. पण पोलीस इतक्या जवळून पाठलाग करीत होते की माणूस गांगरून जाणारच, आणि त्या बाईला वेळेवर उपचार मिळाले नाहीत, कारण रस्त्यावरचे एकमेव मोकळे वाहन, म्हणजे माझी जीप, तिला तिथेच टाकून पुढे गेले. म्हणून गुन्हा निष्काळजीपणाचा, आणि शिक्षा भोगली तेवढी पुरे, शिवाय दंड.

भोगली तेवढी, म्हणजे तीन आठवडे.

माझी चूक त्याच्या शिक्षेतून वजा झाली. जीप थांबवली नाही मी, आणि त्याचा फायदा झाला तिला उडवणाऱ्याला! माझ्यावर ताशेरे ओढले असते, खात्याने चौकशी लावली असती, तर मी मान खाली घालून सोसले असते. तसे काही झाले नाही. शिक्षा वाढवून मागावी असा अहवाल मी वरिष्ठांमार्फत पाठवला. 'पुढील कारवाईची आवश्यकता नाही' एवढा शेरा मारून तो परत आला.

थळला जाऊन निकाल सांगणे मला भाग होते. ती जाऊ ओट्यावर जाळे सोडवत बसली होती. मी सांगितले ते तिने ऐकून घेतले. तिने एवढेच विचारले, "साहेब, तुमच्या जीपात मागं जागा व्हती ना?"

मी हो म्हणालो.

परत येताना मला ड्रायव्हरची आठवण झाली. ज्या बाटल्या मालकाच्या बाबतीत शाबीत झाल्या नाहीत, त्याच बाटल्यांसाठी हा माणूस तेरा महिने तुरुंगात होता. एक मोटार, एक पंचनामा, तेच पंच. मग याच्या बाबतीत त्या बाटल्या शाबीत कशा? मी रजा काढून तुरुंगात त्याला भेटायला गेलो. अपील का केले नाहीस म्हणून विचारले. तो म्हणाला की मालकाचा कारकून आला होता, दोघांचे अपील एकच वकील करील म्हणाला, आणि एका कागदावर अंगठा घेऊन गेला. तो कागद कोर्टात कधी पोचलाच नाही. मुदत कधीच टळली होती.

"मालकांचा काय निकाल लागला, साहेब?" त्याने विचारले.

मी सांगितले. तो रडला नाही. म्हणाला, "मग मी त्या दिवशी ब्रेक मारला त्याचं काय झालं?"

तुरुंगातून कैद्याला विनावकील अपील पाठवता येते. मी जेलर साहेबांना विनंती केली, त्यांच्याच टेबलावर बसून मजकूर लिहिला, उशीर माफ करावा म्हणून कारणे दिली, आणि मालकाच्या निकालाची नक्कल जोडली. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याने आरोपीचे अपील लिहिणे नियमात बसत नाही. मला ते ठाऊक होते. हायकोर्टाने उशीर माफ केला, दारूचा गुन्हा रद्द केला आणि खोट्या माहितीबद्दलची शिक्षा भोगली तेवढ्यावर आणली. तोपर्यंत त्याचे सोळा महिने भरत आले होते. माणूस मारणाऱ्याचे तीन आठवडे आणि थांबूया म्हणणाऱ्याचे सोळा महिने. याला मी आजही न्याय म्हणू शकत नाही, आणि कोणी कायद्याची पुस्तके उघडून समजावू लागला तर मला ते ऐकायचेही नाही. अपील हा प्रत्येकाचा हक्क आहे असे आम्हाला शिकवले होते. हक्काच्या दारापर्यंत कोणाला मोटारीतून जाता येते आणि कोणाचा अंगठ्याचा कागद वाटेतच हरवतो, हे कोणी शिकवले नव्हते.

ड्रायव्हरने पुन्हा मोटार चालवली नाही. भावांबरोबर शेती करू लागला. मालकाच्या नावाची पाटी शाळेच्या नव्या खोलीवर लागली.

पुढे बऱ्याच वर्षांनी, दुसऱ्या ठाण्यावर असताना, बोर्ली पंचतनजवळ चोरीच्या मालाचा ट्रक आमच्यापुढे पळत होता. त्याने एका सायकलवाल्याला उडवले. मी जीप थांबवली, त्याला मागच्या बाकावर घेतले आणि दवाखान्यात नेले. ट्रक गेला. चार दिवसांनी तो माणगावच्या बाजूला सापडला. सायकलवाला वाचला, पुढे त्याच्या मुलीच्या लग्नाला मी जेवूनही आलो. आरोपी हातचा सोडला म्हणून माझ्याकडून लेखी खुलासा मागवण्यात आला, आणि तो असमाधानकारक असल्याचा कागद हाती आला.

थळच्या पाठलागाबद्दल मात्र माझ्या सेवापुस्तकात वरिष्ठांच्या सहीचा शेरा आहे. धाडस आणि कर्तव्यतत्परता. निवृत्त झालो तेव्हा दोन्ही कागदांच्या नकला मी मागून घेतल्या. नातवंडांना दाखवायचा कागद कोणता, हे मला ठाऊक आहे. दुसरा मी कोणाला दाखवत नाही. त्यावर शाबासकी आहे.