खाचरातली तिसरी बाई

कुमुदताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाताच्या खाचरातल्या तिसऱ्या बाईला उलटं वळवत होते. ब्रश हातात तसाच राहिला. महिना होऊन गेला, भेटणारे म्हणतात, किती शांतपणे गेल्या. मला त्यातली शांतता अजून सापडलेली नाही.

नगरला, सावेडीतल्या घराच्या पुढच्या खोलीत ताईंचं प्रकाशन चालायचं. फक्त मुलांची पुस्तकं. वर्षाला एखादं, पण त्या एकासाठी लेखकांचा, आम्हा चित्रकारांचा अगदी जीव काढायच्या. छपाईआधी कच्ची प्रत घेऊन एसटीने राजूरला जायच्या, तिथल्या शाळेत मुलांपुढे ठेवायच्या आणि गप्प बसायच्या. यंदाचं पुस्तक भातशेतीचं, चित्रं माझी, म्हणून मलाही ओढून नेलं. डॉक्टरांनी हृदयाच्या ऑपरेशनची तारीख दिलेली होती, चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची, पण ऐकतील तर त्या ताई कसल्या. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, चित्रावर चौथीतली एक मुलगी थांबली.

"ह्या बाया पुढं चालल्यात," ती म्हणाली. "आवणी करताना मागं सरकत्यात. ह्या तर लावलेली रोपं तुडवत्याल."

वर्गात कुणी हसलं नाही, तेच मला जास्त लागलं. परतीच्या एसटीत आमचं वाजलं. शहरातल्या मुलांना काय कळणार आहे, मी म्हटलं. "त्या मुलीला कळलं ना," ताई म्हणाल्या. "मीरा, ऑपरेशनला जायच्या आधी मला हे चित्र बरोबर झालेलं बघायचंय." दहा दिवस हातात होते. त्यातले आठ मी रुसून घालवले... कामाचं निमित्त सांगितलं, दोनदा फोन उचलला नाही. खरं कारण एवढंच, की माझी चूक चारचौघांत निघाली होती.

नवव्या दिवशी बसले. रात्रीपर्यंत तिघींपैकी दोघी वळल्या, एक राहिली. ऑपरेशनच्या सकाळी चित्र तसंच गुंडाळून दवाखाना गाठला. ताईंना स्ट्रेचरवर घेतलं होतं, चष्मा काढून ठेवलेला. मी कागद समोर धरला. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं, मग नाद सोडला.

"सरकतायत का मागं?"

"सरकतायत, ताई."

"तिघीही?"

वॉर्डबॉय दार उघडून उभा होता. "तिघीही," मी म्हणाले.

"मग दे छापायला."

स्वतः बघितल्याशिवाय स्वल्पविरामसुद्धा पुढे न सोडणाऱ्या बाईने माझा शब्द खरा धरला आणि त्या आत गेल्या. मी तिथे थांबलेच नाही. त्या शुद्धीवर यायच्या आत ते खोटं खरं करायचं होतं, म्हणून घरी पळत सुटले, रंग कालवले. अर्धी साडी झाली होती, तेवढ्यात फोन वाजला.

पुस्तक छापायला द्यायच्या आधी मी एकटी राजूरला गेले. ताई गेल्या असत्या, म्हणून. मुलीने तिघींच्या पायांवरून सावकाश बोट फिरवलं आणि मान हलवली.

"आता बरूबर हाय," ती म्हणाली, आणि माझ्यामागे दाराकडे बघू लागली. "ताईंनी बगितलं का हे?"

या वेळी मी खरं ते सांगितलं.