वहिनी आणि यवतमाळचा सेल

माझ्या थोरल्या वहिनीनं आयुष्यात एकही वस्तू गरज होती म्हणून विकत घेतली नाही. स्वस्त मिळाली म्हणून घेतली, घरी आणली आणि मग त्या वस्तूवाचून आपलं आजवर किती अडत होतं, हे आम्हा सगळ्यांना पटवून दिलं. न पटल्यास पुन्हा पटवून दिलं. आमच्या दिग्रसच्या घरात असा एकही कोपरा नव्हता जिथे सेलमधली एखादी वस्तू आपल्याला काही काम मिळेल या आशेवर बसलेली नव्हती.

त्या काळी यवतमाळात एक तीन मजली दुकान होतं. खाली कापड, मधल्या मजल्यावर तयार कपडे, पर्सा, पट्टे, छत्र्या आणि सगळ्यात वर काचेची आणि चिनी मातीची भांडी. एका छताखाली एवढं सगळं मिळणारं दुकान आमच्यासाठी नवलाचंच होतं. मालक त्याला डिपार्टमेंटल स्टोअर म्हणायचे. वहिनी नुसतं ‘डिपार्टमेंट’ म्हणायची. “उद्या डिपार्टमेंटात काम हाय,” असं ती शेजारी सांगायची, तेव्हा गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या माणसाला वाटायचं, बाई सरकारी नोकरीत आहे. आणि खरं सांगायचं तर सरकारी नोकरीतल्या माणसानं कचेरीत लावली नसती एवढी हजेरी तिनं या डिपार्टमेंटात लावली. दिवाळी झाली की सेल, संक्रांत झाली की सेल, लग्नसराई ओसरली की सेल. सेल लागल्याची बातमी तिला कुठून कळायची, हे मला आजवर उमगलेलं नाही. तिचं माहेर बाभुळगावचं, त्यामुळे यवतमाळकडचं वारं तिच्या अंगाला आधी लागायचं, एवढाच खुलासा माझा भाऊ करायचा.

त्या वाऱ्यानं वहिनीची झोप उडायची आणि माझी शांतता. मी तेव्हा बी.एड. होऊन घरी बसलो होतो, म्हणजे घरच्यांच्या दृष्टीनं दोन्ही हात रिकामे असलेला माणूस. “भाऊजी, उद्या काही काम हाय का?” असं वहिनी फार गोड आवाजात विचारायची. या प्रश्नाला ‘हो’ म्हणायची सोय नव्हती, कारण मला काम नाही हे अख्ख्या दिग्रसला ठाऊक होतं. मग दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही निघायचो. वहिनी खिडकीशी, मी तिच्या रिकाम्या पिशव्या मांडीवर घेऊन. येताना त्याच पिशव्या माझ्या मांडीवर, पायांत, काखेत आणि एखादी गळ्यात असायची.

दुकानात शिरली की वहिनीचं चालणं बदलायचं. एरवी गुडघ्याची कुरकुर करणारी बाई दोन-दोन पायऱ्या चढायची. कापडाचं टोक बोटाला थुंकी लावून चोळायची आणि बोट उजेडात धरून रंग गेला का ते पाहायची. कप उचलून त्यावर नखानं टिचकी मारायची आणि कानाशी न्यायची. “भाऊ, हा कप बोलत नाही,” असं तिनं म्हटलं की विक्रेता दुसरा कप काढायचा. तोही बोलला नाही की तिसरा. एकदा एक विक्रेता वैतागून म्हणाला, “बाई, तुम्हाला चहा प्यायचा आहे की कपाशी गप्पा मारायच्या आहेत?” वहिनी शांतपणे म्हणाली, “जो टिचकीले उत्तर देत नाही, तो उकळत्या चहाले काय उत्तर देईन?” दुपारी दुकान रिकामं झाल्यावर तोच विक्रेता आमच्याबरोबर डब्यातली भाकर खात बसला होता आणि वहिनी त्याच्या मुलीसाठी स्थळं सुचवत होती.

घरी येणाऱ्या मालाविषयी काय सांगावं! आमचा दादा अंगानं काठीसारखा. वहिनीनं त्याच्यासाठी आणलेला प्रत्येक शर्ट असा की त्यात दादा शिरल्यावर आणखी एखाद्या पाहुण्याची सोय झाली असती. “त्याच मापात सूट होती. अन् तुमचं अंग भरते न पुढं,” असं ती म्हणायची. दादाचं अंग काही भरलं नाही. कापसाच्या जिनिंगमध्ये तो हिशेबनीस होता. तिथे पंखा सुरू झाला की तो शर्टासकट फुगायचा आणि मजूर हसायचे. तो मात्र बाह्या दुमडून घ्यायचा आणि एवढंच म्हणायचा, “हवा खेळती राहते.”

एकदा तिनं लोकरीचे हातमोजे आणले. आमच्या दिग्रसला, जिथे मे महिन्यात माणसं ओला पंचा डोक्यावर घेऊन जेवतात, तिथे लोकरीचे हातमोजे! वर्षभर ती ते घालून भाजीचं पातेलं चुलीवरून उतरवत होती आणि हे त्याचसाठी बनवलेले असतात, असं आईला सांगत होती. कपांविना बशा आणल्या, कारण कप पुढच्या सेलमध्ये निघणार होते. निघाले तेव्हा ते दुसऱ्याच रंगाचे निघाले आणि बशीत मावेनात. मग सुपाचे वाडगे आले, दोन्हीकडून धरायचे. बाबांनी त्यात वरण पाहिलं, वाडगा फिरवून पाहिला आणि विचारलं, “याले दोन कान कायले?” वहिनी म्हणाली, “मामंजी, जास्तीचा कान फुकट हाय.”

या सगळ्यावर मी हसू शकलो असतो, पण तेव्हा मी हसण्याच्या स्थितीत नव्हतो. बी.एड. होऊन बराच काळ लोटला होता. बाबांनी नोकरीविषयी विचारणं सोडून दिलं होतं आणि ते विचारत होते त्यापेक्षा हे न विचारणं जास्त टोचत होतं. अशात यवतमाळच्या एका शिक्षणसंस्थेचं मुलाखतीचं बोलावणं आलं. पत्र वाचून आईनं देवापुढे साखर ठेवली. वहिनीनं तारीख पाहिली आणि तिचा चेहरा उजळला. “अगाई! त्याच दिवशी तं सेल हाय,” ती म्हणाली. “तुमची मुलाखत, माहा सेल. बरं जमलं न जी!”

मी नको म्हणालो. दादालाही सांगून पाहिलं. तो म्हणाला, “जाऊ दे न. सोबत होईल.” सोबत अशी झाली की दारव्ह्याच्या पुढे एका खड्ड्यात एसटी आदळली आणि वहिनीच्या डब्यातल्या लोणच्याचं तेल माझ्या एकुलत्या एक पांढऱ्या शर्टावर आलं. छातीवर, बरोबर मधोमध. वहिनीनं पदरानं पुसलं, डाग दुप्पट केला आणि म्हणाली, “काई चिंता नका करू. आपन सेललाच तं चाललो.” हे तिनं मुद्दाम केलं नाही, हे मला कळत होतं. पण त्या क्षणी मला त्याचीही खात्री वाटत नव्हती.

मुलाखतीला अजून वेळ होता. दुकानात तिनं मला मधल्या मजल्यावर पडद्यामागे उभं केलं, मापासाठी म्हणून डागाळलेला शर्ट काढून घेतला आणि ती गेली. मी बनियनवर आरशासमोर उभा. पहिला शर्ट आला. त्याच्या एका बटणाचा रंग वेगळा होता, म्हणून तिनंच तो परत नेला. दुसरा आला. त्याची कॉलर तिला पसंत पडली नाही. मी म्हणालो, “वहिनी, कोणताही चालेल.” ती म्हणाली, “कोनताई कसा चालन? नोकरीचा सवाल हाय,” आणि पुन्हा गेली. नंतर बराच वेळ कोणीच आलं नाही. मी पडदा बाजूला करून डोकावलो, तर समोर बायकांचा घोळका. पुन्हा आत. शेवटी एका विक्रेत्याला हाक मारून विचारलं तेव्हा कळलं, की शर्ट घेतला की वरच्या मजल्यावरच्या भांड्यांवर सूट होती आणि माझा जुना शर्ट आणि नवा शर्ट दोन्ही काखेत मारून बाई वर कपांना टिचक्या मारत होत्या.

मी कसा ओरडलो, कसा शर्ट घातला, कसा धावत शाळेत पोचलो, ते मला आठवत नाही. आठवतो तो दारातला शिपाई. “तुमचं नाव पुकारून झालं, साहेब. मुलाखती संपल्या,” तो म्हणाला. मी विनवणी केली, तो आत जाऊन आला आणि त्यानं नुसती मान हलवली. मी अंगणातल्या कडुलिंबाच्या पारावर जाऊन बसलो. घरी जाऊन बाबांना काय सांगायचं, हे मनात जुळवत होतो आणि काहीच जुळत नव्हतं.

वहिनी आली ती दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. माझ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. मी म्हणालो, “घ्या. झाला तुमचा सेल?” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं पुसलं नाही. फक्त विचारलं, “कोनत्या खोलीत बसले ते?”

मी थांबवेपर्यंत ती मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरली होती. आत तिघेजण डबे उघडत होते. वहिनीनं भांड्यांच्या पिशव्या दारातच आडव्या मांडल्या. “काच हाय जी, संभाळून,” असं सांगितलं. आता त्यांच्यातल्या कोणालाही बाहेर पडायचं तर आमच्या नव्या डिनर सेटवरून उडी मारावी लागली असती.

“साहेब, उशीर माह्यामुळं झाला,” ती म्हणाली. “लोनचं माहं, डाग माहा, सेल माहा. याची काई चूक नाही.”

संस्थेचे सेक्रेटरी वयस्कर होते. ते म्हणाले, “बाई, जागा भरली. मुलाखती संपल्या.”

“संपल्या तं संपल्या. उरल्यासुरल्यात पाहा न काई.”

“ही शाळा आहे बाई, दुकान नाही.”

“मंग दुकानापेक्षा जास्ती समजून घ्याले पाह्यजे न तुम्ही.”

सेक्रेटरींनी हातातली पोळी खाली ठेवली. माझी लाजेनं जमिनीत जायची तयारी झाली होती. पण ते हसू दाबत होते. त्यांनी दुसऱ्या गृहस्थांकडे पाहिलं आणि म्हणाले, “आमच्या ढाणकीच्या शाळेत एक जागा आहे. लांब म्हणून कोणी जायला तयार नाही.”

“ढाणकी?” वहिनीनं तो शब्द बोटांत धरून चोळल्यासारखा उच्चारला. “लईच दूर हाय जी. मंग राह्याची खोली संस्थेनं द्याची.”

“बाई, मुलाखत यांची आहे की तुमची?”

“याचीच हाय. पन हा लाजाळू हाय. याले मागता येत नाही.”

त्यानंतर त्यांनी मला बसवलं आणि खरोखरच मुलाखत घेतली. इतिहासावर विचारलं, फळ्यावर लिहायला लावलं. मी काय बोललो कोण जाणे, पण चांगलं बोललो असेन, कारण तोवर भीती वाटण्याच्या पलीकडे गेलो होतो. ढाणकीची नोकरी मिळाली. खोलीही मिळाली. परतीच्या एसटीत वहिनीचे आभार मानावेत की तिच्याशी भांडावं, हे ठरत नव्हतं. ती मात्र दारव्ह्यापर्यंत सावरली होती. म्हणाली, “यवतमाळची गेली तं जाऊ द्या. ढाणकीची थोडी दूर हाय, पन पक्की हाय.”

पुढे गावभर तिनं सांगितलं, “आमच्या भाऊजीले मीनं सेलमध्ये नोकरी लावून देली.” माझ्या लग्नात, माझ्या सासरच्या माणसांसमोर सांगितलं. माझ्या निवृत्तीच्या समारंभाला ती ढाणकीला आली आणि व्यासपीठावरून सांगितलं. मी तिथे हार गळ्यात घेऊन दात आवळून बसलो होतो आणि मुलं टाळ्या वाजवत होती.

आता यवतमाळचं ते दुकान नाही. तिथे मोबाइल विकतात. दादाही गेला. वहिनी दिग्रसलाच असते. मागं माझ्या पुतण्यानं तिला हौसेनं नागपूरच्या एका मोठ्या मॉलमध्ये नेलं. मीही बरोबर होतो. कपडे, पर्सा, काचेची भांडी, सगळं होतं, आणि सगळ्यावर मोठमोठी सूट लिहिलेली. वहिनी सगळीकडे फिरली. एक दालन झालं, दुसरं झालं. कोणी ‘या बाई’ म्हटलं नाही, कोणी गठ्ठा उलगडला नाही. शेवटी पैसे घेणाऱ्या मुलीला तिनं विचारलं, “बाई, तू कुठची वं?” मुलीनं मान वर न करता पिशवी पाहिजे का, असं विचारलं. वहिनीनं हातातली वस्तू परत ठेवली. परतताना गाडीत, वर्ध्याच्या पुढे आल्यावर ती म्हणाली, “भाव नाही करत तं नाही करत. पन कोनी बोलतच नाही भाऊजी.”

त्यानंतर ती बाजारात जाईनाशी झाली. मी आता पुसदला राहतो. परवा आमच्याकडे एका मंगल कार्यालयात कपड्यांचा सेल लागला, तेव्हा मी आपण होऊन तिला फोन केला. आयुष्यभर ज्या शब्दानं माझ्या कपाळावर आठी उमटली, तो मीच उच्चारला. पलीकडून काही उत्साह नाही. “कायले जी?” ती म्हणाली. “कोनासाठी घ्याचं आता? घालनारा गेला.”

पंख्याखाली शर्टासकट फुगणारा दादा डोळ्यांपुढे आला. मी म्हणालो, “वहिनी, मला एक शर्ट घ्यायचा होता. मी जाऊन आणतो मग.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“तुम्ही एकटे?” वहिनी म्हणाली. “रंग पाहता येत नाही, शिवन पाहता येत नाही, अन् तो मानूस म्हनन तेवढे देऊन याल. थांबा. मले येऊ द्या.”